सयामी रस्सा आणि घरचें सोयाबीन

परदेशाहून आलेला पाहुणा पूर्वीं अत्तराची कुपी, घड्याळ, फार झालें तर एखादें छायाचित्रयंत्र घेऊन येई. आतां तो मसाल्यांचीं पाकिटें घेऊन येतो. २०२४ सालच्या मार्गशीर्षांत एका लग्नकार्यानिमित्त माझा पुतण्या बँकॉकहून आमच्या अंबाजोगाईच्या घरीं आला, तेव्हां त्याच्या पेटींत कपड्यांपेक्षां पाकिटेंच अधिक होतीं. कार्य आटोपलें, पाहुणे पांगले, तरी घरांत लहानमोठीं सोळा माणसें होतीं. त्या सायंकाळीं त्यानें जाहीर केलें, "काकू, आजचा स्वयंपाक माझ्याकडे. तुम्हां सगळ्यांना तिकडचा हिरवा रस्सा खाऊं घालतों."

वांगीं चिरून झालीं, नारळाचें दूध निघालें, पातेलें चुलीवर चढलें, आणि पाकिटांतील हिरवट गोळा त्यांत पडतो न पडतो तोंच धाकट्या जाऊबाईंनीं पाकिटाच्या पाठीवरील मुंगीच्या पावलांएवढीं अक्षरें वाचावयास घेतलीं. मिरची, गवती चहा, लसूण, मीठ, आणि त्याच्या पुढें कोळंबी! पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानें जाणूनबुजून कांहीं केलें नव्हतें. तो स्वतः तिकडे शाकाहार पाळतो, परंतु मसाल्याच्या गोळ्यांत मासळी असेल ही कल्पनाच त्याच्या मनांत आली नव्हती. पातेलें परसांत गेलें, राखेनें तीनदां घासलें गेलें आणि त्या रात्रीं सर्वांनीं पिठलें-भात खाल्ला.

सासूबाईंचें वय ऐंशीच्या पुढचें. त्या रागावतील असें सर्वांस वाटलें होतें, परंतु त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, तुला आम्हांला खाऊं घालायचंच होतं ना? मग आम्हांला चालेल असं करून घाल. पण माझ्यासाठीं वेगळं आणि तुमच्यासाठीं वेगळं, असं मात्र नको. ताट सगळ्यांचं एकच हवं."

एकत्र कुटुंबांत नवा पदार्थ शिरतो किंवा अडतो तो येथेंच. हॉटेलांतून येणाऱ्या जिनसा तरुण मंडळी माडीवर बसून खातात, वडील मंडळी खालीं वरण-भात जेवतात, आणि एका घराचीं दोन घरें होतात. तें टाळावयाचें तर पाकीट फेकून देऊन मुळापासून आरंभ केला पाहिजे. आम्हीं तो केला. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकभगिनींपुढें मांडीत आहें.

सयाम देश (१९३९ पासून त्याचें नांव थायलंड) मासळीचा देश आहे. तेथील मसाल्याच्या वाटणांत खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा असतो, त्याला ते 'कापी' म्हणतात. आणि मिठाच्या ठिकाणीं पुष्कळदां 'नाम प्ला' म्हणजे आंबवलेल्या मासळीचें पाणी वापरतात. भारतांत रीतसर विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण छापलेला असतो. परंतु पाहुण्याच्या पेटींतून आलेल्या पाकिटावर तो नसतो, हें ध्यानांत ठेवावें. नुसतें 'भाजीचा रस्सा' असें नांव वाचून निर्धास्त होऊं नये.

मात्र त्याच देशांत आमच्यापेक्षांही कडक शाकाहार आहे, हें मला पुतण्याकडून कळलें. तेथें स्थायिक झालेल्या चिनी घराण्यांची एक रीत आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नऊ दिवस मांस, मासळी, अंडें, दूध हें तर वर्ज्यच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य. या अन्नाला ते 'जे' म्हणतात आणि तें मिळणाऱ्या दुकानांवर पिवळीं निशाणें लावतात. पंचांगाचा योग असा कीं, हे नऊ दिवस पुष्कळ वर्षीं आपल्या शारदीय नवरात्राशींच जुळतात; २०२४ मध्यें तर दोन्हींचा आरंभ ३ ऑक्टोबर या एकाच दिवशीं झाला होता. अधिकमासाचा हिशेब दोहोंकडे निराळा पडला कीं मात्र अंतर पडतें. हें ऐकल्यावर सासूबाई सावरून बसल्या. "म्हणजे त्यांच्यांतही आहे तर!" या एका वाक्यानें अर्धें काम झालें. कोळंबीच्या जागीं हे लोक आंबवलेलें सोयाबीन आणि मीठ वापरतात. आपल्या घरीं मीठ, किंचित् गूळ आणि बाजारांत मिळणाऱ्या सोयाच्या काळ्या पाण्याचा एक चमचा एवढ्यावर भागतें.

आतां वांग्याविषयीं. वांगें हें मुळांत आपल्याच बाजूचें फळ, येथून तें पूर्वेस व पश्चिमेस गेलें. परंतु आपल्या घरांत तें वर्षभर चालत नाहीं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीस, कांद्याबरोबर वांग्यालाही निरोप द्यावयाचा आणि चंपाषष्ठीला खंडोबास भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून त्याला परत घरांत घ्यावयाचें, ही चाल आमच्याकडे अजून आहे. गंमत अशी कीं या जिल्ह्यांतील सोयाबीनची काढणीही त्याच्या थोडी आधीं, ऑक्टोबरांत, होते. दिवाळीपर्यंत नवे दाणे खळ्यांतून घरांत आलेले असतात. आणि नारळाचें म्हणाल तर बीड जिल्ह्यांत नारळीचीं झाडें कोठलीं? आपल्या देशावरच्या वाटणांत सुकें खोबरें, तीळ आणि शेंगदाणे, ओला नारळ क्वचितच. परंतु आमच्या गांवीं योगेश्वरी आहे. कोंकणस्थांची ती कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशीं ठरलेलें लग्न वऱ्हाडाला उशीर झाल्यामुळें राहिलें व वऱ्हाडाचे दगड झाले, ही तिची कथा गांवांतील लहान पोरालाही ठाऊक असते. मार्गशीर्षांत पौर्णिमेपर्यंत तिचें नवरात्र चालतें, कोंकणांतून, पुण्या-मुंबईहून माणसें येतात, ज्यांच्याकडे उतरतात त्यांना ओटीचे, प्रसादाचे नारळ देऊन जातात. पौर्णिमा उलटली कीं घरांत दहा-पंधरा नारळ साठलेले. वड्या तरी किती कराव्या! वांगें, सोयाबीन आणि नारळ हीं तिन्हीं एकाच महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरांत येऊन बसलेलीं असतात, आणि इतक्या वर्षांत तीं एका पातेल्यांत घालावीं असें कोणाला सुचलें नव्हतें.

त्यांतील सोयाबीन तर स्वयंपाकघरांत येतच नाहीं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठवाड्यांत ज्वारी, मूग, उडीद यांच्या रानांत हें पीक पसरलें. परभणीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) त्याचे 'एमएयूएस ७१', 'एमएयूएस १५८' असे वाण काढले. शेतकरी तें पेरतो, काढतो, मोंढ्यावर नेऊन घालतो. तेथून तें तेलाच्या कारखान्यांत जातें. तेल आपल्याकडे डब्यांतून परत येतें आणि पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या तोंडीं जाते. दाण्यांत शंभरांत ३६ ते ४० भाग प्रथिन असतें, तुरीच्या डाळींत बाविसाच्या आसपास. म्हणजे ज्या शाकाहारी घरांत म्हाताऱ्यांना आणि वाढत्या पोरांना प्रथिन कमी पडतें म्हणून डॉक्टर डबेबंद पूड लिहून देतात, त्याच घराच्या ओसरीवर त्या प्रथिनाचीं पोतीं थप्पी लावून ठेवलेलीं असतात. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सरकारनें क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव ठरविला होता, आणि पुष्कळ बाजारांत भाव त्याच्याही खालीं होता. पाव किलो दाणे म्हणजे बारा रुपयांचा माल! पुढच्याच वर्षीं, २०२५ च्या सप्टेंबरांत, अतिवृष्टीनें या भागांतील उभें सोयाबीन पाण्यांत गेलें, आणि ज्यांच्या घरीं मागल्या हंगामाचें एखादें पोतें उरलें होतें त्यांनाही तें शिजवून खावें असें वाटलें नाहीं. आपण तें अन्न मानीतच नाहीं, नगद मानतों.

हा प्रयत्न पूर्वीं कोणी केला नाहीं असें नाहीं. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं आपल्या सहकाऱ्यांच्या आहारांत सोयाबीन घालून पाहिलें आणि 'हरिजन' पत्रांत त्यावर लिहिलें. परंतु नुसते उकडलेले दाणे खाणें म्हणजे व्रतच. चिनी लोकांनीं त्या दाण्याचें दूध काढून, तें नासवून, त्याचा चक्का दाबण्याची युक्ति काढली. इसवी सनाच्या दहाव्या शतकांतील चिनी ग्रंथांत तिचा स्पष्ट उल्लेख सांपडतो. तिचा कर्ता म्हणून मात्र त्याहून सुमारें अकराशें वर्षांपूर्वींच्या एका राजपुत्राचें नांव परंपरेनें सांगतात. त्यालाच आज सर्वत्र टोफू म्हणतात. सयामी लोक 'ताउहू' म्हणतात.

येथें सासूबाईंची दुसरी शंका आली. जुन्या मराठी घरांत दूध नासणें हा अपशकुन. म्हणून पनीर करण्याची चाल आपल्यांत नव्हती. "मुद्दाम नासवायचं?" त्यांनीं विचारलें. मी काय उत्तर द्यावें या विचारांत असतां त्यांनींच निकाल दिला. "तें कांहीं गाईचं दूध नव्हे. डाळीचं पाणी आहे. डाळीच्या पाण्याला नासायचं काय!"

कृति सांगतें. पाव किलो पिवळे, किडके नसलेले दाणे रात्रीं भरपूर पाण्यांत भिजत घालावे. थंडींत दहा-बारा तास लागतात. सकाळीं हातानें चोळून जेवढीं सालें निघतील तेवढीं काढून टाकावीं. आतां मुख्य गोष्ट. सोयाबीनचा जो कच्चट, हरभऱ्याच्या ओल्या पाल्यासारखा वास पुष्कळांना नकोसा होतो, तो दाण्यांत आधीं नसतो. दाणा थंड पाण्यांत वाटला कीं त्यांतील एक द्रव्य तेलावर काम करतें आणि वास उत्पन्न होतो. म्हणून वाटतांना पाणी उकळतें घालावें, म्हणजे तें द्रव्य जागच्या जागीं निकामी होतें. पहिल्या खेपेस मी थंड पाणी घातलें, आणि मुलांनीं नाक मुरडलें तें योग्यच होतें. सर्व मिळून दोन लिटर पाणी लागतें. वाटलेलें फडक्यांतून पिळून घ्यावें, आणि दूध मोठ्या पातेल्यांत चढवावें. अर्धें पातेलें रिकामें राहील एवढें मोठें, कारण याला साध्या दुधापेक्षां दांडगा फेस येतो. उकळी आल्यावर मंद आंचेवर दहा ते पंधरा मिनिटें ठेवावें. ही उकळ चुकवूं नये. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनाच्या पचनाला अडथळा करणारा अंश असतो, तो आंचेनें जातो.

मग पातेलें उतरवून पांच मिनिटें थांबावें. दोन मोठ्या लिंबांचा रस वाटीभर कोमट पाण्यांत मिसळून तीन वेळां थोडाथोडा घालावा आणि पळी एकदांच, हळू, फिरवावी. जोरानें ढवळलें कीं चोथा होतो, चक्का होत नाहीं. पिवळसर निवळ पाणी वेगळें दिसूं लागलें कीं फडकें घातलेल्या चाळणींत ओतावें, वर ताटली ठेवून तीवर पाण्यानें भरलेला तांब्या ठेवावा. रस्स्यासाठीं तासभर तरी दाब हवा. पाव किलो दाण्यांत साधारण तीनशें ते चारशें ग्रॅम टोफू होतो. लगेच लागला नाहीं तर पाण्यांत बुडवून शीतपेटींत ठेवावा, पाणी रोज बदलावें, तीन-चार दिवस टिकतो. घरांत कोणी कंठग्रंथीसाठीं सकाळची गोळी घेत असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें.

आतां हिरवें वाटण. त्यासाठीं आम्हांला बाहेरून कांहींच आणावें लागलें नाहीं, फक्त ओळखावें लागलें. गवती चहा परसांत होताच. आपण त्याची पात चहांत टाकतों, तिकडे मुळाजवळचा पांढरा, कांद्यासारखा बुंधा वापरतात. ज्या आल्यासारख्या मुळाला ते 'खा' म्हणतात तें आपलें कोळिंजन, घसा बसला कीं चघळावयास देतात तें; काष्ठौषधींच्या दुकानांत वाळलेले तुकडे मिळतात, ते भिजवून घ्यावे, नाहीं मिळाले तर आलें. कोथिंबिरीचीं मुळें आपण केरांत टाकतों, तिकडे वाटणांत तींच हवीं असतात. विशिष्ट लिंबाचीं पानें घालतात. आम्हीं परसांतल्या लिंबाचीं कोंवळीं पानें आणि लिंबाची किसलेली हिरवी साल घातली.

अडलें तें तुळशीपाशीं. सयामी लोक रस्स्यावर शेवटीं सुवासिक पानें घालतात. पुतण्यानें सहज वृंदावनाकडे बोट केलें आणि घरांत क्षणभर शांतता पसरली. वस्तुस्थिति अशी कीं आपली तुळस त्यांच्याकडेही स्वयंपाकांत आहे, 'कफ्राव' या नांवानें. परंतु ती परतलेल्या जिनसांत जाते. या हिरव्या रस्स्यांत लागतात तीं 'होरफा'चीं पानें, म्हणजे ज्याचें बीं आपण उन्हाळ्यांत सरबतांत घालतों त्या सब्जाच्या जातीचीं. तेव्हां वृंदावनाला हात लावण्याचें कारणच नाहीं. मूठभर सब्जा कुंडींत पेरला तर दीड-दोन महिन्यांत पानें मिळूं लागतात.

सोळा माणसांचें प्रमाण सांगून उपयोग नाहीं, सहा जणांचें सांगतें. आठ हिरव्या मिरच्या (लहान मुलें असल्यास चार), गवती चहाचे दोन बुंधे, बोटाएवढें कोळिंजन किंवा आलें, पांच-सहा कोथिंबिरीचीं मुळें देठांसह, चमचाभर भाजलेले धने, अर्धा चमचा जिरें, सहा मिरे, लिंबाची साल आणि मीठ. ज्यांना चालतो त्यांनीं एक कांदा व चार लसूणपाकळ्या घालाव्या. आम्हीं त्याऐवजीं चिमूटभर हिंग घातला. हें पाट्यावर वाटावें. यंत्रांत वाटावयाचें तर पाणी घालूं नये, तेलाचे दोन थेंब घालावे. पाणी घातलेलें वाटण परतलें जात नाहीं, शिजतें, आणि चव निराळी होते.

एका मोठ्या नारळाचा पहिला दाट रस वाटीभर काढावा, दुसरा पातळ दोन वाट्या. पुढें जें करावयाचें त्यांतच हा सारा पदार्थ आहे. आपण तेलाची फोडणी करतों. ते दाट रसच पातेल्यांत घालून मध्यम आंचेवर आटवतात, तो फुटून कडेनें तेल सुटूं लागतें, आणि त्या तेलांत वाटण परततात. आपल्याला नारळाचें दूध फुटलें कीं चुकल्यासारखें वाटतें. येथें तें फुटलेंच पाहिजे. वास सुटला कीं पाव किलो हिरवीं किंवा पांढरट वांगीं चौफोडी करून घालावीं, पातळ रस ओतावा आणि दहा मिनिटें शिजूं द्यावें. आपलीं भरलीं वांगीं लोण्यासारखीं हवीं असतात. यांत फोड किंचित् दाताखालीं यावी. टोफूचे तुकडे आधीं तव्यावर तेलाच्या बोटावर तांबूस करून घ्यावे, नाहीं तर घरचा टोफू रस्स्यांत विरघळून जातो. हाही माझा अनुभव. शेवटीं टोफू, सुपारीएवढा गूळ, सोयाच्या पाण्याचा चमचा, लिंबाचीं पानें व सब्जाचीं पानें.

हा रस्सा भातासाठीं आहे आणि आमचें घर भाकरीचें. ज्वारीच्या भाकरीबरोबर तो पातळ वाटला. तेव्हां पुतण्यानें दुसरा प्रकार सांगितला, 'मस्समन'. हें नांव 'मुसलमान' या शब्दावरून पडलें असावें असें मानतात; कारण त्यांत दालचिनी, वेलची, लवंग हा इराण-हिंदुस्थानकडून गेलेला मसाला आहे, आणि शेंगदाणे आहेत! १९४८ पर्यंत निजामी अंमलांत राहिलेल्या आमच्या जिल्ह्यास तीळ, खोबरें, शेंगदाणे आणि चिंच यांच्या दाट रसांतील हैदराबादी बघारें वांगें कांहीं परकें नाहीं, आणि मस्समन हा त्याचाच दूरचा भाऊ शोभतो. वाटणांत हिरव्या मिरच्यांऐवजीं सहा सुक्या लाल मिरच्या भिजवून घ्याव्या, वरील तीन मसाले भाजून घालावे, वांगीं जांभळीं काटेरी घ्यावीं, आणि शेवटीं अर्धी वाटी भाजलेले दाणे, थोडा चिंचेचा कोळ व गूळ थोडा अधिक. तिकडे यांत बटाटा असतो. आम्हीं तो गाळला. रस्सा दाट होतो, भाकरीवर बसतो.

पौर्णिमेनंतरच्या रविवारीं दोन्ही केले. सासूबाईंनीं हिरवा चमचाभर चाखून बाजूला सारला. "वास चांगला आहे," एवढेंच म्हणाल्या. दुसरा मात्र त्यांनीं दोनदां मागून घेतला आणि टोफूचा तुकडा बोटांनीं दाबून पाहून विचारलें, "हें आपल्या रानांतलंच ना?" दीरांनीं होय म्हणून सांगितलें. तेव्हांपासून मोंढ्यावर माल घालण्यापूर्वीं एक पोतें घरांत ठेवतात.

एक राहिलें. दूध पिळून उरलेला चोथा टाकूं नये. तो त्याच दिवशीं ज्वारीच्या पिठांत, तीळ व ओंवा घालून, थालिपिठास लावावा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर आंबतो.